तलवार, तंबोरा, विळी: सांगली-मिरजेच्या धारेची गोष्ट

तुमच्या घरात जुनी लोखंडी विळी असेल तर आज तिचं पातं जरा नीट बघा. पाटाजवळ ते रुंद असेल, टोकाकडे खोबरं खवायची दातेरी खवणी असेल आणि मधे मात्र पातं पोटात गेल्यासारखं अरुंद झालेलं असेल. विळी विकत आणली तेव्हा ती अशी नव्हती. मधला जो भाग आज दिसत नाही तो भाजी चिरताना झिजलेला नाही. तो धार लावताना दगडावर गेला. वर्षाला केसभर, असं करत करत तीस-चाळीस वर्षांत बोटभर.

हे न दिसणारं बोटभर पोलाद माझ्या अभ्यासाचा विषय आहे. "इतिहासात पीएचडी, आणि विषय काय, तर विळीला धार?" असं नातेवाईक विचारतात. मला वाटतं प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याचं सविस्तर उत्तर देते.

अडचण अशी की इतिहासाची साधनं बनवलेल्या वस्तू मोजतात. तलवारी किती, तोफा किती, नांगर किती विकले गेले, हे दप्तरात सापडतं. धार लावणाऱ्याचं काम मात्र वजाबाकीचं. तो नवी वस्तू बनवत नाही. असलेल्या वस्तूतून थोडंसं काढून घेतो आणि ती पुन्हा कामाची करतो. संग्रहालयात तलवारीखाली तिच्या मालकाचं नाव असतं, कधी बनवणाऱ्याचं. ती दर पावसाळ्यानंतर गंज काढून कोणी परजून दिली, हे कुठल्याच पाटीवर नसतं. म्हणून मी माधवनगर हा मध्य धरून वीस-पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ आखलं. सांगली, मिरज, बुधगाव, तासगाव एवढ्या पट्ट्यात गेल्या दोनशे वर्षांत धारेचं काम कुठून कुठे गेलं, ते शोधायचं ठरवलं.

आधी दगड आणि पोलाद

इतिहासात शिरण्याआधी दोन मिनिटं हाताने धार लावण्याबद्दल बोलू. ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आपण ज्याला "लोखंडी" सुरी किंवा विळी म्हणतो ती खरं तर पोलादाची, आजच्या भाषेत कार्बन स्टीलची असते. लोखंडात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन. एवढ्याशा कार्बनमुळे एक गंमत होते. पातं लालभडक तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं, इतकं की काचेसारखं तडकेल. मग ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरम करायचं. या कामाला आपल्याकडे "पाणी देणं" म्हणतात. "पाणीदार" हा शब्द आपण माणसाला लावतो, डोळ्यांना लावतो. एखाद्याचं "पाणी जोखतो". पात्याच्या अंगात किती कडकपणा आहे त्यालाही मराठीत पाणीच म्हणतात.

असं पातं दगडावर घासलं की धार येते. पण कुठल्याही दगडावर येत नाही. आपला सांगली-सातारा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. पाटा-वरवंट्याला तो उत्तम. पण त्यातल्या खनिजांचा कठीणपणा मोजपट्टीवर सहाच्या आसपास येतो आणि पाणी दिलेलं पोलादही जवळपास तेवढंच कठीण असतं. दोघं बरोबरीचे, मग कोण कोणाला कापणार? धारेला दगडात गारेचे कण हवेत, त्यांचा कठीणपणा सात. असा वालुकाश्म दक्षिणेला, बागलकोट-गोकाकच्या बाजूला भरपूर आहे. त्याहून सरस म्हणजे कुरुंद, कठीणपणा नऊ. तो कर्नाटक-तमिळनाडूत मिळतो. लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेली फिरती सहाण हे आपल्याकडच्या धार लावणाऱ्यांचं जुनं साधन. इंग्रजीतला "कोरंडम" हा शब्दही याच दक्षिणी नावावरून गेलेला आहे.

आता कृती. दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे तो सरकणार नाही. सुरीचं पातं चार सेंटिमीटर रुंद असेल, तर तिची पाठ दगडापासून एक ते सव्वा सेंटिमीटर वर उचला. हा झाला पंधरा-वीस अंशांचा कोन. तो न हलवता पातं मुळापासून टोकापर्यंत दगडावरून न्या. दगडावर काळसर चिखल जमेल. तो पुसू नका, त्यातले कण काम करत असतात. काही वेळाने पात्याच्या वरच्या बाजूला, धारेपासून बाहेरच्या दिशेने, अंगठा अलगद फिरवून बघा. मुळापासून टोकापर्यंत बारीक खरखर लागली, तर दगड धारेपर्यंत पोचला म्हणून समजा. मग बाजू बदला. शेवटी दाब कमी कमी करत दोन्ही बाजू आलटूनपालटून घ्या आणि पातं चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा. न्हाव्याच्या खुर्चीला टांगलेला पट्टा आठवतो ना, तसंच. दगड नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या तळाची खरखरीत कड चालते. आपल्या आया-आज्यांनी हे कोणत्याही पुस्तकाशिवाय केलेलं आहे.

या कृतीत अवघड काय आहे? ताकद लागत नाही. कोन धरून ठेवणं अवघड आहे, आणि कधी थांबायचं हे कळणं. बोटांनी, आवाजाने, उजेडात धरून. हे ज्ञान हातात असतं आणि हाताबरोबर ते दुसऱ्या धंद्यात जाऊ शकतं. या वाक्यावर माझा सगळा प्रबंध उभा आहे, तेव्हा ते लक्षात ठेवा.

शिकलगार

सांगली-मिरज भागात "शिकलगार" हे आडनाव तुम्ही नक्की ऐकलं असेल. अरबीत "सैकल" म्हणजे झळाळी, त्याला फारसी "गर" लागून शब्द झाला सैकलगर, आणि मराठीत शिकलगार. हत्यारांची शिकल करणारा, म्हणजे गंज उतरवून, घासून, धार आणि चमक देणारा.

अठराव्या शतकात या भागात शिकलगारांना काम कमी नव्हतं. मिरजेचा किल्ला पटवर्धनांकडे होता, तासगावला परशुरामभाऊ पटवर्धन. १७९१-९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत परशुरामभाऊंची फौज टिपूविरुद्ध गेली, तिच्याबरोबर इंग्रजांची एक पलटणही होती. एडवर्ड मूर या त्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये या मोहिमेवर पुस्तक छापलं. अशा फौजेत प्रत्येक स्वाराकडे तलवार, बऱ्याच जणांकडे भाला, कट्यार. कार्बन स्टील आणि कोकण-घाटमाथ्याचा पाऊस यांचं जमत नाही. पंधरा दिवस दुर्लक्ष केलं की तांबूस डाग पडतात. म्हणजे फौज जेवढी मोठी, तेवढं शिकलीचं काम कायमचं.

याच सुमाराला लंडनमध्ये काय चाललं होतं बघा. मुंबईहून हेलेनस स्कॉट या डॉक्टरने भारतीय पोलादाचे गोळे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीसमोर त्यांच्यावर निबंध वाचला. त्यात या पोलादाला "वूट्झ" म्हटलं आणि ते "मुंबईत बनतं" असंही. प्रत्यक्षात ते दख्खन आणि दक्षिणेतल्या भट्ट्यांमधलं. पुढे १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिलने त्याच सोसायटीच्या नियतकालिकात कुरुंदावर निबंध लिहिला. तीन वर्षांच्या अंतराने आपलं पोलाद आणि ते घासायचा आपला दगड, दोन्ही लंडनच्या टेबलावर पोचले. दोघांचं रासायनिक पृथक्करण झालं. ज्या हातांना त्या दोघांची गाठ घालून देता येत होती त्यांच्यावर निबंध झाला नाही.

काम गेलं, ते दोन टप्प्यांत

शाळेत आपण एका ओळीत शिकतो की इंग्रज आले आणि शस्त्रांचे धंदे बसले. मला ही ओळ थोडी उलगडायची आहे, कारण ते दोन वेगवेगळ्या टप्प्यांत झालं.

पहिला टप्पा १८१८ चा. पेशवाई संपली. पटवर्धनांची सरंजामं राहिली, पण संस्थानं म्हणून. १८२० मध्ये मिरजेचीही वाटणी झाली, थोरली पाती मिरजेत आणि धाकटी पुढे बुधगावला. माधवनगरहून बुधगाव हाकेच्या अंतरावर आहे. पूर्वी सरदाराने ठरावीक स्वार घेऊन चाकरीला हजर व्हायचं अशी अट असे. नव्या व्यवस्थेत या अटीच्या जागी बहुतेक पटवर्धन संस्थानांकडून मुलूख किंवा रोख रक्कम घेतली जाऊ लागली. कागदावर हा नुसता हिशेबाचा बदल आहे. शिकलगाराच्या दारातून बघितलं तर तिथे येणारी गिऱ्हाईकं कमी झाली. कोणी बंदी घातली नव्हती. तलवारी होत्या, पण खुंटीवर.

दुसरा टप्पा १८५७ चा, आणि तो उघड जबरदस्तीचा. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात पलटणीने उठाव केला. तो मोडायला आलेल्या जॉर्ज ले ग्रँड जेकबकडे पुढे दक्षिण महाराष्ट्राचा ताबा होता आणि हत्यारं काढून घेण्याचं सत्र सुरू झालं. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नोव्हेंबर १८५७ मध्ये हत्यारं द्यायला नकार दिला. फौज गेली, गाव जाळलं, अनेकांना फाशी झाली. हलगलीची ही कथा कन्नड लावणीत आजही जिवंत आहे. मग १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं.

हे दोन टप्पे वेगळे का करायचे? कारण आता येणारी गोष्ट या दोन टप्प्यांच्या मधली आहे.

मिरजेतला तंबोरा

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांत सांगतात की त्यांचे पूर्वज शिकलगार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन हे हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यांकडे वळले. आधी दुरुस्ती, मग स्वतःची वाद्यं. आज मिरजेचा तंबोरा आणि सतार देशभर जाते. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर तिथेच त्यांचं दफन झालं. किराणा घराण्याचा सूर आणि मिरजेचा तंबोरा यांचं नातं मग वेगळं सांगायला लागत नाही.

काळ लक्षात घ्या. शतकाचा मध्य म्हणजे हत्यारबंदीच्या आधी. म्हणजे त्यांना कोणी हुकूम देऊन धंदा बदलायला लावला नव्हता. पहिल्या टप्प्यातच गिऱ्हाईक आटत गेलं आणि या कुटुंबाने वेळेवर ओळखलं. "तलवार गेली, सतार आली" असं यमक साधून ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा तिच्यात माणसं नशिबाच्या हातातली बाहुली होतात. मला ती बाजार वाचणाऱ्या, हिशेबी कारागिरांची गोष्ट वाटते.

पण हत्यारं घासणारा एकदम तंबोरा कसा करू शकतो? आता वर लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य काढा. तंबोऱ्याचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी काढणं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा हाडाचा किंवा लाकडाचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी मंद उतार असतो. तार त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत थरथरते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, गुंजतो. हा उतार कानसेने आणि घासून काढतात. किंचित घासायचं, तार चढवून ऐकायचं, पुन्हा किंचित. कणभर जास्त गेलं की स्वर बसतो, मग सगळा माथा पुन्हा उतरवावा लागतो. वजाबाकीचंच काम, तोच धरून ठेवलेला कोन, तेच कधी थांबायचं ते कळणं. तिकडे बोट धारेची खरखर शोधत होतं, इकडे कान गुंजन शोधतो. शिवाय लाकूड आणि भोपळा कोरायला पटाशी लागते, ती दिवसातून कितीदा तरी दगडावर जाते. आणि जोडीच्या तारा पुन्हा पोलादाच्याच. हात बदलला नाही, हातातली वस्तू बदलली.

हे माझं अनुमान आहे, सतारमेकरांच्या हकिकतीत ते या शब्दांत येत नाही. पण कारागिराच्या कामाच्या पायऱ्या शेजारी ठेवून बघितल्या की दोन धंद्यांमधली दरी पुस्तकात दिसते त्यापेक्षा खूप लहान निघते.

सगळेच सतारमेकर झाले नाहीत

इथे थांबलं तर गोष्ट गोड होते. पण एका गावात तंबोरे करणारी घरं किती मावणार? बाकीच्यांनी शेतकऱ्याचं आणि स्वयंपाकघराचं हत्यार धरलं. विळा, खुरपं, कोयता, अडकित्ता, कात्री, विळी.

विसाव्या शतकात हे काम उलट वाढलं. १९१० मध्ये औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराच्या आधीपासून ते कडबा कापायची यंत्रं बनवत होते, आणि कडबाकुट्टीचं पातं बोथट झालं की बैलही वैतागतात. माधवनगरला कापडगिरणी आली, तिथे कात्र्या आल्या. सांगलीच्या अंगाला वसंतदादांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या. तासगावात द्राक्षं आली, तिथे ऑक्टोबर छाटणीला बोथट कात्री चालत नाही. काडी चिरडली की रोग शिरतो.

ऊसतोडीत मुकादमाची उचल माणसांच्या संख्येवर ठरत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे "एक कोयता", एकटा माणूस म्हणजे "अर्धा कोयता". हत्याराच्या नावाने माणूस मोजायचा. पैसे टनावर मिळतात, त्यामुळे बोथट कोयत्याचा भुर्दंड तोडणाऱ्याच्याच खिशाला आणि मनगटाला. हे कोयते बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून गावठी लोहाराने केलेले असतात. उत्तम कार्बन स्टील. कोपीच्या दारात दिवस उजाडायच्या आधी दगडावर किंवा कानसेने कोयता घासण्याचा आवाज येतो, ती धार लावायला कोणी शिकलगार येत नाही. ऊसतोड्या स्वतःच शिकलगार असतो. महाराष्ट्रातल्या साखरेच्या इतिहासात गाळप किती, उतारा किती याची कोष्टकं सापडतील. या घासण्याला त्यात रकाना नाही.

आणि कायदा? तो अजून तिथेच आहे. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. त्यातून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली वगळली आहेत. म्हणजे पोलाद तेच, लांबी तीच, धार तीच. फरक हेतूचा. दोनेक वर्षं पुण्यातल्या "कोयता गँग"च्या बातम्या गाजल्या तेव्हा कोयते विकणाऱ्या दुकानांकडेही पोलिसांचं लक्ष गेलं. ज्या वस्तूने एक जोडपं मोजलं जातं तीच वस्तू पुण्यात पुरावा होते. दगडाला हा फरक कळत नाही. तो ठरवतो राज्यकर्ता, १८५७ मध्येही आणि आत्ताही, आणि त्याच्या ठरवण्यावर धार लावणाऱ्याचं पोट हलतं.

मग आता काय?

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने सिलिकॉन कार्बाइड बनवलं, कुरुंदाहूनही कठीण, आणि "कार्बोरंडम" नावाने ते जगभर गेलं. १९५४ पासून मद्रासच्या कार्बोरंडम युनिव्हर्सल कंपनीमुळे असे दगड आपल्याकडे बनायला लागले. दगड सगळीकडे झाला. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने गंज न धरणारं पोलाद काढलं होतं, ते सावकाश आपल्या ओट्यावर आलं. स्टेनलेसची सुरी काळी पडत नाही, चिंचेला-कांद्याला वास देत नाही. पण ती साध्या दगडावर लवकर धार घेत नाही, म्हणून बोथट झाली की आपण ती टाकतो.

सायकलवर फिरतं चाक घेऊन येणारा धारवाला अजून कुठे कुठे दिसतो. त्याच्या चाकावर कार्बन स्टील धरलं की ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात, ती त्यातल्या कार्बनची खूण. चांगला धारवाला पातं क्षणभरच टेकवतो आणि लगेच पाण्यात बुडवतो. घाई झाली तर धारेच्या कडेला निळा पट्टा येतो. तीनशे अंशांच्या आसपास ती कड तापली आणि पात्याचं पाणी उतरलं. अशी सुरी आठवड्यात बोथट होते आणि आपण दोष देतो सुरीला. ओल्या दगडावर हाताने घासताना हे होऊच शकत नाही. मी घरी दगडच वापरते त्याचं कारण जुन्याचं प्रेम नाही, हे आहे.

तर नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर असं. धार लावण्याला आपण "बिनकौशल्याचं", फुटपाथवरचं काम समजतो. पण सांगली-मिरजेच्या दोनशे वर्षांकडे या कामाच्या बाजूने बघितलं की फौजा मोडल्या, हत्यारं जमा झाली, तंबोरा जन्माला आला, साखर पिकली, या चार वेगवेगळ्या धड्यांतल्या गोष्टी एका हातात येतात. ज्यांचा तो हात होता त्यांची नावं दप्तरात फारशी नाहीत. फरीदसाहेबांचं नाव उरलं, कारण त्यांनी शेवटी काहीतरी बनवलं. ज्यांनी फक्त धार लावली त्यांची खूण झिजलेल्या पात्यांवर आहे आणि ती पाती तुमच्याकडे आहेत.

म्हणून एक विनंती. घरातली जुनी विळी, अडकित्ता, खुरपं भंगारात घालण्याआधी त्याचा एक फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. कोणाचं होतं, किती वर्षं वापरलं, धार कोण लावायचं, एवढं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. पुष्कळदा उत्तर येईल "आजी लावायची, बरणीच्या बुडावर". तेही लिहा. मला तेच हवं आहे.